गठ्ठ्यांमागची जागा

मुकादमाला खोटं बोलायची सवय नव्हती असं कोणी म्हणू नये. रोज सकाळी धुलाईच्या दारात उभं राहायचं, आत शिरणारी डोकी मोजायची, आणि मग ऑफिसच्या खिडकीत तोंड घालून ओरडायचं, "सगळे आले हो!" हे त्याचं पहिलं काम. आता सगळे आले, हे शंभर टक्के खरं असे. सगळे कामाला लागले, हे मात्र तो कधी म्हणत नसे, आणि त्याला कोणी विचारतही नसे. न विचारलेल्या गोष्टी न सांगणं म्हणजे खोटं नव्हे, अशी त्याने स्वतःची समजूत घातली होती. माणूस स्वतःची समजूत घालायला बसला की फार लवकर समजतो.

धुलाई म्हणजे कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान नव्हे. शहरातल्या दवाखान्यांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले गाड्या भरभरून तिथे येत. पुढच्या भागात धुवायच्या टाक्या, त्यांच्यामागे पाणी पिळणारी यंत्रं, आणि सगळ्यात मागे रोलर. हा रोलर म्हणजे खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेला तापलेला दंडगोल. एका बाजूला दोन बायका ओल्या चादरीचे दोन कोपरे ताणून धरायच्या आणि ती आत सारायच्या, दुसऱ्या बाजूला दोघी ती कडक, वाफाळती चादर झेलून घडी घालायच्या. हात जरा मागेपुढे झाला की भाजलंच. घड्यांचे गठ्ठे बांधून गोदामात छतापर्यंत रचले जात. गोदामाची मागची भिंत बॉयलरची, त्यामुळे कायम कोमट. गठ्ठे आणि ती भिंत यांच्यात, भिंतीच्या लांबीभर, एक माणूस आडवा होईल इतकी रुंद जागा मोकळी राहत असे.

मालकांचा नियम साधा होता. आला त्याला पगार, आला नाही त्याला नाही. का आला नाही, ताप होता की पाय मोडला होता, हा ज्याचा त्याचा खाजगी मामला, आणि दुसऱ्याच्या खाजगी मामल्यात मालकांनी कधी नाक खुपसलं नाही.

गठ्ठ्यांमागच्या जागेची युक्ती मुकादमाचीच. तो नुकताच मुकादम झाला होता. वहिनी रोलरवर होती, आणि एका सकाळी ती तापाने फणफणलेली असताना तशीच कामावर आली. ही वहिनी म्हणजे नुसती भावाची बायको नव्हे. मुकादम नाकातून शेंबूड गळणारं पोर असताना त्याची आई गेली. तेव्हा नवी नवरी असलेल्या या बाईने त्याला आंघोळी घातल्या, शाळेत सोडलं, शाळा बुडवली तर बदडलं. पुढे भाऊही गेला. मुकादमाने लग्न काही केलं नाही, आणि दोन खोल्यांत दीर-भावजय असे दोघंच उरले. तर अशा या वहिनीला त्याने त्या दिवशी दारात मोजलं, हाताला धरून गोदामात नेलं, चार चादरी अंथरल्या आणि म्हणाला, "पड इथे. तुझी बाजू तुझी जोडीदारीण सांभाळेल."

बघता बघता ते सगळ्यांचंच झालं. दारातून आपल्या पायांनी आत ये, बाकीचं आम्ही बघतो, अशी रीतच पडली. अमका कुठे आहे विचारलं तर "गठ्ठ्यांमागे" एवढं उत्तर पुरे. त्याचं काम शेजारचा ओढायचा, कुरकुर न करता, कारण उद्या आपलीही पाळी येणार हे प्रत्येकाला ठाऊक. मालकांना पत्ता नव्हता. मुकादमाला याचा मनातून अभिमान होता. आपण गरिबांचं भलं करतोय आणि आपली खुर्चीही शाबूत आहे, असा दुहेरी आनंद फार थोड्यांच्या नशिबी येतो.

पण त्या वर्षी साथ आली. एकाच वेळी इतकी माणसं आडवी झाली की गठ्ठ्यांमागे जागा पुरेना आणि पुढे हात पुरेनात. तेव्हा पुढारी उठला. हा टाकीवरचा माणूस. आवाज मोठा आणि डोकं तापट, म्हणून सगळे त्याला पुढारीच म्हणत. तो म्हणाला, "हे चोरून झोपणं पुरे झालं. आजारी पडलो तर घरी झोपायचं आणि पगार घ्यायचा. हक्काने." मालकांनी त्याला हसण्यावारी नेलं. मग संपाची नोटीस गेली. दवाखान्यांना चादरी मिळणार नाहीत म्हटल्यावर सरकारला खडबडून जाग आली. दोन हुकूम आले. एक, ही अत्यावश्यक सेवा आहे, बोलणी चालू असेपर्यंत संप करता येणार नाही. दुसरा, दोन्ही बाजूंनी कामगार खात्याच्या अधिकारीबाईंसमोर हजर व्हावं. त्या दोघांचं ऐकून आपलं मत वर कळवतील, आणि त्यावर रजेचा निकाल लागेल.

सुनावणीच्या आदल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत पुढाऱ्याने मुकादमाला टाक्यांमागे गाठलं. वहिनीही होती.

"मालक काय म्हणणार ते मला आत्ताच ऐकू येतंय," पुढारी म्हणाला. "म्हणणार, आमच्याकडे कोणी आजारीच पडत नाही, रोज सगळे हजर. मग रजा कशाला हवी? त्यावर आपल्याकडे एकच उत्तर आहे. गठ्ठ्यांमागची जागा. ते आपण सरळ सांगायचं."

मुकादमाने आधी इकडेतिकडे पाहिलं. "अरे, पण मोजतो मी. सगळे आले म्हणून मी सांगतो."

"म्हणूनच तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर पुढारी बडबडतोय म्हणतील. तुमचा शब्द मालकांच्या माणसाचा. त्याला वजन आहे."

"आणि माझी नोकरी?"

"जाईलही कदाचित," पुढारी म्हणाला. माणूस तापट असला तरी लबाड नव्हता. "पण मग आम्ही काय हातावर हात ठेवून बसणार आहोत?"

वहिनी इतका वेळ ऐकत होती. ती म्हणाली, "तो सांगेल. त्याला काय पाठ करून घ्यायचंय का?" आणि मुकादमाने मान हलवली. हो म्हणाला. हे नीट लक्षात ठेवायला हवं, कारण पुढे तो स्वतः ते विसरायचा फार प्रयत्न करणार होता.

कामगार खात्याची खोली साधीच होती. लांब टेबल, कुरकुरणारा पंखा, पाण्याचा जग. अधिकारीबाईंना सर्दी झाली होती. त्या मधूनच शिंकत आणि माफ करा म्हणत. "खरं तर आज मी रजाच टाकणार होते," त्या म्हणाल्या, "पण तुमची तारीख चुकवायची नव्हती." पुढाऱ्याने वहिनीकडे पाहिलं आणि भुवया उडवल्या. रजा टाकणं हा शब्दप्रयोग कामगारांच्या बाजूला पहिल्यांदाच ऐकू येत होता.

बाईंनी सुरुवातीला बरंच काही वाचून दाखवलं. सुनावणीचे नियम, कोणी केव्हा बोलायचं, वाद चालू असताना कोणी काय करायचं नाही, वगैरे. मुकादमाला त्यातलं अक्षरही ऐकू आलं नाही. त्याच्या कानात त्याचंच बोलणं घुमत होतं. बाई, मी सांगतो. बाई, खरं असं आहे की. मालक समोर बसले होते आणि अधूनमधून त्याच्याकडे बघून हसत होते, आपल्या माणसाकडे बघावं तसं. टाकीवर साबणाच्या पाण्यात उभं राहणाऱ्या पोराला या माणसाने मुकादम केलं, बसायला खुर्ची दिली. धुलाईत दुसऱ्या कोणालाही खुर्ची नव्हती.

मालकांचे वकील उभे राहिले आणि पुढाऱ्याने सांगितलं होतं तेच शब्दाशब्दाने बोलले. "रोज पूर्ण हजेरी. सबंध साथीत एकही माणूस गैरहजर नाही. बाईसाहेब, जो आजार नाहीच, त्याची रजा कशी द्यायची?"

पुढाऱ्याने मुकादमाकडे पाहिलं. मुकादम पाण्याच्या जगाकडे बघत होता. पुढाऱ्याने वाट पाहिली, खाकरला, आणि शेवटी स्वतःच उठला. गठ्ठे, बॉयलरची भिंत, अंथरलेल्या चादरी, एकमेकांचं ओढलेलं काम, सगळं सांगितलं. बोलताना त्याचा आवाज नेहमीसारखा चढला नाही. वकील ऐकत होते आणि हसत होते.

"छान गोष्ट आहे," ते म्हणाले. "पण डोकी मोजतो मुकादम. तो इथेच बसलाय. त्यालाच विचारा."

बाईंनी नाक पुसलं. "मुकादम, हे म्हणतात तसं आहे का? माणसं आजारी असताना येतात आणि आत झोपतात?"

खोलीतले सगळे त्याच्याकडे बघू लागले. आणि मग त्याच्या तोंडून, त्यालाही आधी माहीत नसलेलं, एक वाक्य बाहेर पडलं.

"नाही हो बाई. आमची माणसं मुळातच काटक. आणि गठ्ठ्यांमागे म्हणाल तर तिथे उंदीर झोपायचा म्हटला तरी त्याला कूस बदलता यायची नाही."

मालक खो खो हसले. वकील हसले. सर्दीने हैराण झालेल्या बाईंच्या ओठांवरही हसू आलं. आयुष्यात मुकादमाच्या विनोदाला एवढी दाद कधी मिळाली नव्हती. फक्त पुढारी खाली बसला, अगदी सावकाश, आणि वहिनी आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे बघत राहिली.

"ठीक आहे," बाई म्हणाल्या. "मी विचार करून मत कळवीन."

बाहेर मालकांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. ती थाप त्याला दिवसभर लागत राहिली.

घरी वहिनीने आदळआपट केली नाही. रडलीही नाही. पान वाढलं आणि म्हणाली, "भावजी, हात धुऊन घ्या." मुकादमाच्या हातातला तांब्या हातातच राहिला. लहानपणापासून ती त्याला अरे-तुरे करत आलेली, मेल्या म्हणणारी, कान पिळणारी. भावजी आणि घ्या हे तिने फक्त परक्यांसमोर वापरलं असेल. एका वाक्यात तिने त्याला घराबाहेर काढून दारात उभं केलं, आणि वर जेवायलाही वाढलं.

"वहिनी, मी सगळ्यांनाच वाचवलं," तो घास न घेताच म्हणाला. "खरं सांगितलं असतं तर मालकाने फसवणुकीच्या नावाखाली सगळ्यांनाच हाकललं असतं."

"हो का?" ती म्हणाली. "भाजी घ्या अजून."

त्याने हे वाक्य पुढे कितीदा घोकलं त्याला सुमार नाही. सगळ्यांनाच वाचवलं. दारात डोकी मोजताना, खुर्चीवर बसताना, अंघोळ करताना. पण वाक्य संपलं की त्याच्या शेपटीला दुसरं येऊन चिकटे: आणि स्वतःला. मग पहिल्यात काही दम राहत नसे. त्याला लाज वाटत होती, आणि लाजेपेक्षाही वाईट म्हणजे त्याला सुटल्यासारखंही वाटत होतं. या दुसऱ्या गोष्टीची त्याला जास्त लाज वाटे.

धुलाईत कोणी त्याच्याशी भांडलं नाही. भांडले असते तर बरं झालं असतं. सुनावणीहून आल्या आल्या मालक तडक गोदामात गेले होते आणि गठ्ठ्यांमागे डोकावून आले होते. त्या दिवशी नशिबाने तिथे कोणी नव्हतं. ते गेल्यावर पुढाऱ्याने माणसं बोलावली आणि ती मोकळी जागा गठ्ठ्यांनी खालपासून वरपर्यंत बुजवून टाकली.

"हे काय करताय?" मुकादमाने विचारलं.

"तुम्ही सरकारला सांगितलंत ना अशी जागा नाही म्हणून?" पुढारी म्हणाला. "मग नसू दे. मुकादमांचा शब्द खोटा पडायला नको. आणि उद्या मालकांना तिथे कोणी सापडलं तर त्याला कोण सोडवणार? तुम्ही?"

त्या दिवसापासून आजारी माणूस उभ्याने काम करू लागला. टाकीवरचा एकजण टाकीच्या कडेला डोकं टेकून उभा राही आणि शेजारचा त्याला कोपराने ढोसून जागा करी. एका बाईला घडी घालता घालता चक्कर आली, तिला पाणी मारून पुन्हा उभं केलं. मुकादम आपल्या खुर्चीवरून हे बघे. त्याने एकदा त्या बाईला आपली खुर्ची देऊ केली. तिने खुर्चीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नको, बरी आहे मी. काटक आहे." यावर कोणी हसलं नाही.

मग वहिनीला ताप आला. सकाळी ती उठली तेव्हाच तिचे डोळे लाल होते आणि खोकला बोलू देत नव्हता. मुकादम तिच्या कपाळाला हात लावायला गेला तर तिने मान मागे घेतली.

"आज घरी राहा," तो म्हणाला. "पगार गेला तर गेला. मी आहे ना."

"पगाराचं कोण बोलतंय? तुम्ही सांगितलंत सरकारला, आमच्याकडे कोणी आजारी पडत नाही. मग मुकादमाच्या घरचंच माणूस पडून कसं चालेल?"

"वहिनी, किती टोचशील?"

"टोचत नाहीये," ती म्हणाली, आणि पदर खोचून चपला घालू लागली. त्याला ते खरं वाटलं नाही. टोमणा नाही तर दुसरं काय असणार, असंच तो रस्ताभर मानत राहिला. ती दोन पावलं पुढे चालत होती आणि दर कोपऱ्यावर भिंतीला हात लावून थांबत होती. दारात त्याने तिला मोजलं. सगळे आले हो, असं खिडकीत ओरडताना त्याचा आवाज फाटला.

नेमक्या त्याच दिवशी अधिकारीबाई आल्या. आगाऊ निरोप नाही, काही नाही. मत कळवण्याआधी जागा एकदा डोळ्यांनी बघावी म्हणते, एवढंच त्या म्हणाल्या. मालक शर्टाची बटणं लावत लावत त्यांच्यामागे धावले. बाईंची सर्दी बरी झालेली दिसत होती.

त्यांनी टाक्या पाहिल्या, पिळायची यंत्रं पाहिली, आणि सरळ गोदामात गेल्या. गठ्ठ्यांच्या भिंतीला वळसा घालून मागे डोकावल्या. मागे फक्त गठ्ठे. त्यांनी एका गठ्ठ्यावर हात ठेवला, बॉयलरच्या भिंतीवर हात ठेवला. "इथे होती का हो ती जागा?" त्यांनी मोघमच विचारलं.

"जागा कसली बाईसाहेब," मालक म्हणाले, "मुकादमाने सांगितलंच तुम्हाला." मुकादमाने मान खाली घातली. पुढारी टाकीपाशी उभा होता, तो तोंडातून अवाक्षर काढेना. एकदा तोंड पोळलं होतं त्याचं.

मग त्या रोलरपाशी आल्या. रोलरचा आवाज एवढा की शेजारच्याशी ओरडून बोलावं लागे. वहिनी आणि तिची जोडीदारीण चादर आत सारत होत्या. वहिनीचा चेहरा तापलेल्या तव्यासारखा झाला होता, आणि दोन चादरींच्या मध्ये जो क्षणभर हात मोकळा मिळे तेवढ्यात ती यंत्राच्या कडेला धरून उभी राहत होती. बाई तिच्याजवळ गेल्या. "तुम्ही त्या दिवशी सुनावणीला होतात ना?" त्या ओरडून म्हणाल्या आणि ओळखीने तिचा हात हातात घेतला. तो त्यांनी लगेच सोडला नाही.

"तुमचा हात चटका बसावा इतका गरम आहे."

मुकादम जवळच उभा होता. आता ती सांगणार, आणि तिने सांगावंच, असं त्याला अगदी आतून वाटलं. तिने सांगितलं की आपली यातून सुटका होईल. म्हणजे पुन्हा दुसऱ्या कोणीतरीच त्याच्यासाठी करायचं.

वहिनीने हात सोडवून घेतला. "रोलरवर सगळ्यांचेच हात गरम असतात बाई," ती म्हणाली. "हिचा बघा हवा तर." आणि आलेला खोकला दाबण्यासाठी तिने तोंड वळवलं आणि पुढची चादर उचलली.

बाई क्षणभर घोटाळल्या. मग "बरं," म्हणाल्या आणि दाराकडे निघाल्या. मालकांनी खिशातून रुमाल काढून मान पुसली.

आणि तेव्हा मुकादमाच्या डोक्यात उजेड पडला. सकाळचं ते बोलणं टोमणा नव्हताच. सरकारपुढे खोटं बोललेल्या माणसाचं खोटं उघडं पडू नये म्हणून ही बाई अंगात ताप घेऊन इथे उभी होती. शाळा बुडवल्यावर मास्तरांना "पोराचं पोट दुखत होतं" असं सांगणारी आणि घरी येऊन बदडणारी तीच ही. त्याने एकदा खोटं बोलून सोडून दिलं होतं. ती ते सकाळपासून उभ्याने बोलत होती. आणि तिकडे अधिकारीबाई दारापर्यंत पोचत आल्या होत्या. त्या एकदा बाहेर पडल्या की मत वर जाणार, आणि मग रजा नाही, ती जागाही नाही, काहीच नाही, वहिनी मरेपर्यंत अशीच उभी.

रोलर चालू पाळीत बंद करायचा नाही, हा धुलाईतला सगळ्यात मोठा नियम. आत चादर असताना तर मुळीच नाही, कारण थांबलेल्या रोलरखाली चादर जळते. बंद करायचं लाल बटण फक्त मुकादमाने दाबायचं, आणि इतक्या वर्षांत चालू पाळीत त्याने ते कधी दाबलं नव्हतं. त्याने ते दाबलं.

यंत्र गुरगुरत थांबलं. एवढी शांतता त्या खोलीत कोणी ऐकलीच नव्हती. त्या शांततेत वहिनीचा इतका वेळ दाबलेला खोकला सुटला आणि थांबेना. चादर जळल्याचा वास पसरू लागला.

"अरे चादर! चादर जळतेय!" मालक ओरडले.

"बाई," मुकादम म्हणाला. आवाज न चढवताही ऐकू जात होतं याचंच त्याला नवल वाटलं. "मी खोटं बोललो. पुढारी सांगत होता ते सगळं खरं. जागा होती. ती मीच केली होती, माझ्या या वहिनीसाठी, पहिल्यांदा. माणसं आजारी पडतात. पायांनी आत येतात, मी मोजतो आणि सगळे आले म्हणून सांगतो. आता जागा बुजवलीय, म्हणून उभ्याने आजारी असतात. हिला ताप आहे. मला सकाळीच माहीत होतं. तरी मी मोजलं." त्याला अजून काही सांगायचं होतं, नोकरीला भ्यायलो, खुर्चीला भ्यायलो, पण ते राहूनच गेलं. तो लहान मुलासारखा बाहीने नाक पुसत उभा राहिला.

मालकांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "चालता हो," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. तू आणि गठ्ठ्यांमागे झोपलेला प्रत्येकजण!"

"असं करता येणार नाही," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज रुक्ष, सरकारी होता, आणि मुकादमाला तो फार बरा वाटला. "वाद सरकारपुढे आहे. निकाल लागेपर्यंत माझ्या परवानगीशिवाय एकाही माणसाला कामावरून काढता येत नाही. साक्ष दिली म्हणून तर नाहीच नाही. सुनावणीच्या सुरुवातीलाच मी हे वाचून दाखवलं होतं." मग त्या मुकादमाकडे वळल्या. "तुम्ही ऐकलं नव्हतंत का?"

मुकादमाने नकारार्थी मान हलवली. ज्या भीतीपायी त्याने सगळ्यांना आणि वहिनीला विकलं, त्या भीतीला त्या दिवशी त्या खोलीत जागाच नव्हती. फक्त ऐकायला हवं होतं. तेवढा वेळ तो स्वतःचंच ऐकत बसला होता. पुढाऱ्याकडे त्याला बघवेना.

"पुन्हा लेखी द्यावं लागेल," बाई म्हणाल्या. "आधी खोटं बोललात हेही त्यात येईल. त्याचं काय व्हायचं ते होईल, ते माझ्या हातात नाही."

"देतो," तो म्हणाला.

पुढारी पुढे आला आणि रोलरची फट उघडून जळकी चादर ओढून काढू लागला. मुकादमाकडे त्याने पाहिलं नाही. कोणी वा म्हणालं नाही, कोणी पाठ थोपटली नाही, आणि ते बरोबरच होतं.

वहिनी अजून यंत्राच्या कडेला धरून तशीच उभी होती. खोकला थांबला होता. तिने मान वर केली. टोमणा मारण्याइतकं त्राण तिच्यात उरलं नव्हतं. रोलरवरची कोणतीही बाई विचारेल तसं तिने विचारलं,

"मुकादम, आता बसू का मी?"